कळ

मिरजेच्या स्टेशनवर ती उतरली तेव्हा
बॅगेत तीन पांढरे गणवेश, एक छत्री,
आणि आईनं बांधून दिलेलं मक्याचं पीठ,
तपासणीत अर्धं सांडलेलं.
नाव थोकोझानी. हजेरीपटावर आम्ही
तीनदा खोडलं, चौथ्यांदा नीट लिहिलं.
मलावीची. दोन वर्षं शिकायचं,
परत जाऊन शिकवायचं, अशी अट.

पहिली सुई मोसंबीला टोचायची असते.
तिनं टोचली, काढली,
आणि मोसंबीलाच हळू म्हणाली, "पेपानी."
मुली हसल्या.
मी विचारलं, म्हणजे काय गं?
म्हणाली, आपली चूक नसली तरी
दुसऱ्याला लागलं की आम्ही म्हणतो.
एकतीस वर्षं मी सुईचा कोन शिकवतेय.
त्या दिवशी फळ्यावर नव्वद अंश काढले
आणि पुढं काय सांगायचं तेच विसरले.

पुस्तक तिला पाठ. अडली ती वॉर्डात.
बेडगची म्हातारी म्हणे, ठणकतंय.
सलगऱ्याचे मामा, चमक भरलीया.
कुणाला भगभग, कुणाला चुरचुर,
कुणाच्या पोटात नुसताच गोळा,
कुणाचं अंग मोडून आलेलं
आणि एक्स-रेत मोडलेलं काहीच नाही.
फॉर्मवर एकच रकाना:
वेदना, एक ते दहा.
तिनं वही घातली. डावीकडं आमचे शब्द,
उजवीकडं तिचे.
उजवीकडं बऱ्याच ओळी कोऱ्या राहिल्या.

"कळ"पाशी तीन दिवस थांबली.
कळ येते. कळ दाबली की दिवा लागतो.
जरा कळ काढ. मला कळलं नाही.
हे सगळं एकच कसं, सिस्टर?
मी म्हटलं, आज रात्री लेबर रूमला बस.

त्या रात्री जतची तायव्वा होती. पहिलटकरीण.
ही कुठली गं? तिनं मला विचारलं.
लांबची.
जतच्याबी पलीकडची?
थोडी पलीकडची.
मग तायव्वानं तिचं मनगट धरलं ते धरलं.
पहाटे पाचला मुलगी झाली, दोन किलो सातशे.
दिव्याखाली थोकोझानीच्या मनगटावर
नखांचे चार लाल चंद्र.
तायव्वानं ते पाहिले. रात्रभर ऐकलेला शब्द
जिभेवर होताच.
"पेपानी," ती म्हणाली,
जत तालुक्याच्या हेलात.

आमच्या ऑफिसात बॅचचे फोटो आहेत.
पंचेचाळीस मुली, दोन रांगा.
ही मस्कतला, ही लीड्सला, ही दुबईत होती,
आता कुठं ते माहीत नाही.
फोटोखाली बसून आम्ही जाहिरात लिहितो:
स्टाफ नर्स पाहिजेत, सहा जागा.
थोकोझानी फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.
आमच्याकडं पण असाच फोटो आहे, म्हणाली,
फक्त भिंत निळी.

आता ती निळ्या भिंतीसमोर शिकवते.
मुली नव्वद, शिकवणारी ही आणि आणखी एक.
सरावाच्या पुतळ्याला डावा हात नाही,
म्हणून तिथल्या मुली
उजव्या हाताची शीर झोपेतही शोधतील.
मोसंबी महाग, टोमॅटोवर भागवतात.
दर वर्षी थोड्या उडून जातात.
ती कुणाला शाप देत नाही.
फक्त पुढची बॅच मोठी घेते.

परवा तिचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड केलेला.
मागं मुलींचा गलका, कुठंतरी कोंबडा.
सिस्टर, कळ थांबल्यावर जे उरतं
त्याला मराठीत काय म्हणता?
वहीत ती ओळ रिकामी आहे.

मला सुचेना. राउंडला गेले, खाटाखाटांना विचारलं.
चार नंबर म्हणाली, हायसं.
सात नंबर, हुळहुळतंय की अजून.
अकरा नंबरच्या आजींनी कूस बदलली,
म्हणाल्या, उरतंय काय? भूक.

तिन्ही लिहून पाठवले.
खाली लिहिलं:
बीपीचे दोन कफ पोस्टानं टाकलेत,
पोचले की रबर तपासून घे.